वातीचा पाय

घरी मेणबत्त्या करणाऱ्यांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो. रंग कुठला घालावा, सुगंध किती घालावा याची उत्तरं पटकन मिळतात. पण "काचेच्या ग्लासात वात जागेवर राहत नाही, तिला खाली काय लावू?" असं कुणी विचारलं की दहा जणांची दहा उत्तरं येतात. कुणी म्हणतं फेव्हिकॉल, कुणी म्हणतं ग्लू गन, कुणी म्हणतं दोन थेंब मेणाचेच सोडा की झालं काम. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं उत्तर कधी ना कधी बरोबर ठरलेलं असतं.

प्रश्न वरवर फारच किरकोळ वाटतो. रुपयाच्या नाण्याएवढीही नसलेली एक पत्र्याची चकती, तिच्या मधल्या नळीत अडकवलेली सुताची वात, आणि ती चकती ग्लासाच्या तळाला चिकटवायची. बस. पण मला या किरकोळ प्रश्नामागे एक बराच लांबचा इतिहास दिसतो, आणि तो आपल्या खानदेशातून चांगला दिसतो. म्हणून हा खटाटोप.

आधी हे बघू, की वात हलली तर बिघडतं काय? ज्योत मधोमध असेल तर तिच्याभोवतीचं मेण सगळीकडून सारखं वितळतं आणि काच सगळ्या बाजूंनी सारखी तापते. वात सरकून काचेला टेकली की एकच बाजू तापते, दुसरी थंड राहते. काच असल्या पक्षपाताला सहन करत नाही, ती तडकते. तडकली की वितळलेलं मेण टेबलावर, आणि ज्योत त्याच्या मागोमाग. म्हणजे त्या चकतीखालचा चिमूटभर गोंद आगीला तिच्या जागेवर ठेवण्याचं काम करत असतो.

आता मागे जाऊ. आपल्याकडे दिवे हजारो वर्षं जळताहेत, मग आपल्या आजी-पणजीला हा प्रश्न का पडला नाही?

कारण आपल्या दिव्यांत वातीला उभं राहायची गरजच नव्हती. पणतीला चोच असते. वात तेलात आडवी पडलेली, तिचं टोक चोचीवर टेकलेलं. समईला पाच चोची, पाच वाती, सगळ्या आडव्या. दिव्याच्या आकारानंच वात धरून ठेवलेली आहे, चिकटवायचं काही नाही. ज्योत काठावरच जळते, पण भांडं मातीचं किंवा पितळेचं. पितळ एका बाजूनं तापलं तरी तडकत नाही, उष्णता अंगभर पसरवून टाकतं. दीप अमावास्येला कणकेचे दिवे करतात, त्यात तर वात ओल्या कणकेत टोचून बसवता येते. भांडं आणि खळ एकच!

उभ्या वातीचा एकच दिवा आपल्याकडे घरोघर होता, तो म्हणजे निरांजन. त्यातली फुलवात बघा. कापसाचा एक पुंजका घ्यायचा, वरचं टोक दुधाच्या किंवा तुपाच्या बोटानं वळायचं आणि खालचा भाग फुलासारखा पसरट ठेवायचा. तो पसरट भाग म्हणजे आजच्या पत्र्याच्या चकतीची पणजी. शिवाय वाती तुपात भिजवून थिजवून ठेवल्या की त्या तुपातच घट्ट बसतात. नीट पाहिलं तर थिजलेल्या तुपाचं निरांजन ही चक्क भांड्यातली मेणबत्तीच आहे. तूप वितळलं की फुलवात कलंडतेही, पण तोवर आरती संपलेली असते आणि भांडं पितळेचं असतं. दिवा करणाऱ्यानं वात हलणार हे गृहीत धरलेलं आहे आणि हललेली वात निभावून नेईल असं भांडं निवडलेलं आहे. हा शहाणपणा मला फार मोठा वाटतो.

पुढे रॉकेल आलं. रॉकेल पणतीत ठेवण्यासारखं तेल नव्हे. तेव्हा पत्र्याच्या चिमणीत वात नळीतून वर काढली गेली आणि कंदिलात ती बर्नरच्या दातेरी चाकात पकडली गेली. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानं महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या रात्री उजळल्या. तिथेही चिकटवणं नाही, वात पकडलेली आहे. इंधन जितकं तापट, तितकी वातीवरची पकड पक्की, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वात ज्याची होते तो कापूस तर खानदेशात भरपूर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते ६५) तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० च्या दशकात जळगावात सूत-कापडाची गिरणीही उभी राहिली. कपाशीच्या या मुलखात घरोघरी मांडीवर वाती वळल्या गेल्या. वात होती, तेल होतं, तूप होतं. नव्हती ती मेणबत्ती.

म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. मोठ्यांच्या घरी होती. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलनं बादशहासमोर संध्याकाळी सोन्या-चांदीच्या शमादानांत पांढऱ्या कापुरी मेणबत्त्या आणल्या जात, असं वर्णन केलं आहे. त्याच अकबरानं १६०१ साली असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचं खानदेश मोगलांकडे गेलं. शमादान हा शब्द आपल्याकडे आला तो अशाच दरबारी वाटेनं. मधमाश्यांचं मेण महाग, त्यामुळे मेणबत्ती ही श्रीमंताची चैन.

सामान्य माणसाच्या हातात मेणबत्ती यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. फ्रान्समध्ये शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञानं चरबीतून स्टिअरिन वेगळं काढलं. १८२५ साली गे-ल्युसॅकबरोबर त्यानं त्याचं पेटंट घेतलं. त्याच सुमाराला कांबासेरेस यानं वेणीसारखी विणलेली वात आणली. ही वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला जाऊन राख होतं आणि काजळी झाडत बसावं लागत नाही. १८५० च्या दशकात पॅराफिन आलं आणि मेणबत्ती स्वस्त झाली. आपल्याकडे आसामातल्या दिग्बोईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून (१९०१) पॅराफिन मेण निघू लागलं.

या सगळ्या मेणबत्त्यांमध्ये एक गोष्ट समान होती. त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहात. मेण कडक, वात मेणाच्या पोटात, आणि मेणच वातीला धरून ठेवणार. प्रश्न उरायचा तो अख्खी मेणबत्ती उभी करण्याचा. तो आपण कसा सोडवला हे महाराष्ट्रातल्या कुणालाही सांगायला नको. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमन! खानदेशात तर तासन्‌तास वीज नसायची. मेणबत्ती पेटवायची, तिरकी करून ताटलीत चार थेंब पाडायचे आणि थेंब गार व्हायच्या आत मेणबत्ती त्यात दाबून धरायची. मेणानंच मेण चिकटवायचं. ही पद्धत तिथे बिनचूक चालते, कारण मेणबत्तीचा पाय ज्योतीपासून वीतभर लांब असतो. ज्योत पायाशी येईपर्यंत वीज तरी येते किंवा मेणबत्ती तरी संपते.

आता हीच युक्ती काचेच्या ग्लासात करून बघा. चकतीखाली दोन थेंब मेण, वर वितळलेलं मेण ओतलं. ओतल्या क्षणी खालचे थेंब वितळले आणि चकती तरंगली नाही तरी सरकली. ज्यानं धरून ठेवायचं तेच पातळ होणार, हा या उपायातला अंगभूत दोष. आपल्या निरांजनाचीच अडचण, फक्त भांडं आता काचेचं आहे.

मग मेणबत्ती ग्लासात शिरलीच कशाला? त्यालाही कारण आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मायकेल रिचर्ड्‌स यानं सोयाबीन तेलापासून मेण तयार केलं. सोया मेण मऊ. त्याची मेणबत्ती स्वतःच्या पायावर नीट उभी राहत नाही, तिला भांडं लागतं. सुगंधी मेणबत्त्यांची लाट आली ती बरीचशी या भांड्यातल्या मेणबत्त्यांची. आपल्याकडे ती दिवाळीच्या भेटवस्तूंच्या रूपानं आली आणि आता जळगाव-धुळ्यातही कितीतरी घरांत गॅसवर पातेल्यात पातेलं ठेवून मेण वितळवलं जातं.

खानदेशात तर ग्लासाला आणखी एक कारण आहे. आमचा उन्हाळा. जळगाव, भुसावळ, धुळे इथे मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला तर कुणी भुवया उंचावत नाही. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद टेम्पोत त्याहून जास्त. भांड्यासाठीचं सोया मेण साधारण ५० अंशांच्या आगेमागे वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी लोण्यासारखं मऊ होतं. म्हणजे मेणबत्ती पेटण्याआधीच, नुसत्या वाहतुकीत, वातीची पकड सुटू शकते. लंडनमध्ये किंवा पुण्यात जी वात मेणाच्या भरवशावर उभी राहील ती एप्रिलच्या जळगावात राहीलच असं नाही. इथे वातीला स्वतःचा पाय रोवावा लागतो.

तर मुद्दा गोंदाचा. आणि इथे मला आपल्या जुन्या चिकट पदार्थांची आठवण येते. एक यादीच करू या.

पहिली खळ, पिठाची. पतंगाला चालते, पुस्तकाला चालते, मागावरच्या सुताला ताठपणा द्यायला चालते. पाणी लागलं की सुटते.

दुसरा डिंक. सातपुड्यातल्या सालईचा, धावड्याचा, शेतातल्या बाभळीचा. यातला सालईचा डिंक राळेच्या जातीचा, धूप म्हणून जळणारा, म्हणजे ज्योतीजवळ तर मुळीच नको. बाभूळ, धावडा पाण्यात विरघळतात आणि कागदाला उत्तम. काचेवर लावून वाळवले की काचेसारखेच कडक होतात आणि पापुद्र्यासारखे निघतात.

तिसरा सरस, जनावराच्या कातड्या-हाडांचा. सुताराचा जुना सोबती. गरम करून लावायचा. ऊब आणि ओल दोन्ही मिळाली की परत ढिला.

चौथं मेण. होय, मेण हेही चिकटवायचंच साधन होतं. पूर्वीच्या बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवत आणि त्यावर कोरडं कुंकू लावत. कपाळाच्या उबेत ते मऊ राहून धरून ठेवी. कपाळासाठी जे गुण तेच दिव्यासाठी अवगुण.

आणि पाचवी लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची राळ. विळ्याचं, सुरीचं पातं लाकडी मुठीत बसवताना लोहार मुठीच्या भोकात लाख वितळवून ओततो आणि तापवलेलं टोक आत घुसवतो. गार झालं की मूठ जन्मभर हलत नाही. सोनारही पोकळ दागिन्याच्या पोटात लाख भरतात, म्हणजे पातळ पत्रा चेपत नाही. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, तेव्हा सोन्याबरोबर थोडं श्रेय लाखेलाही द्यायला हवं! तापवा, लावा, गार होऊ द्या, घट्ट. आज ग्लू गनमधून जे निघतं त्याचं तत्त्व अगदी हेच. आमच्या लोहाराकडे ते शेकडो वर्षं होतं.

मग वातीला लाखच का लावू नये? कारण लाख ६५-७० अंशांना मऊ पडू लागते आणि पंचाहत्तरीच्या आसपास वितळते. ग्लासात ओतताना मेण असतं साधारण ६० ते ८० अंशांचं. म्हणजे लाखेची आणि ओतलेल्या मेणाची गाठ नेमकी तिच्या दुबळ्या जागी पडते. विळ्याच्या मुठीत हा प्रसंग कधीच येत नाही, म्हणून तिथे ती अजिंक्य.

चिकटवण्याच्या पदार्थाची पारख करताना आपण बहुधा ताकद बघतो. किती घट्ट बसतं? पण त्याचा खरा स्वभाव कळतो तो पुढे त्याच्यावर काय काय गुदरणार आहे ते पाहिलं तर. याचं आपल्या शेजारचंच एक फार मोठं उदाहरण आहे, आणि तेही लाखेचंच. जळगावहून ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी.

अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांचा थर, त्यावर रंगाची पांढरी जमीन, त्यावर रंग. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली आणि मग नकला करणाऱ्यांची रीघ लागली. मेजर रॉबर्ट गिलनं १८४४ पासून कितीतरी वर्षं इथे काढली. त्याच्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो स्वतः १८७९ मध्ये वारला आणि आपल्या भुसावळला पुरला गेला. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्‌स आले. चित्रं नीट दिसावीत म्हणून त्या काळात चित्रांवर व्हार्निशचे हात फिरवले गेले. पुढे १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा, म्हणजे चपड्याचा, लेप दिला. त्या दिवशी चित्रं उजळली असणार. लेप पक्का बसला होता. पण काळ गेला तसा तो पिवळा, मग तपकिरी होत गेला, धूळ-काजळी धरू लागला आणि रंगांवर पडदा पडला. तो लेप काढण्याचं काम नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक दशकं पुरलं.

त्या इटालियन तज्ज्ञांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळी जगभर हाच पदार्थ वापरत. पण धडा स्पष्ट आहे. लाख भिंतीला धरून बसेल का, याचं उत्तर "हो" होतं. वीस-पन्नास वर्षांनी ती कशी असेल, हा प्रश्न राहून गेला. अजिंठ्याला लाखेची परीक्षा काळानं घेतली. मेणबत्तीत ती तापमान घेतं, आणि निकाल काही तासांतच लागतो.

हा प्रश्न हातात घेऊन आता आजच्या बाजारातल्या नळ्या-बाटल्यांकडे जाऊ.

पांढरा फेव्हिकॉल. १९५९ पासून आपल्या सुतारांनी सरस बाजूला ठेवून हा घेतला, तो लाकडासाठी. यात पाणी असतं आणि ते उडून गेलं की तो धरतो. लाकूड पाणी पितं. काच आणि पत्रा पाणी पीत नाहीत, मग पाणी जाणार कुठे? चकतीखाली मधला भाग दिवसेंदिवस ओलाच राहतो. वर गरम मेण आलं की हा मऊ पडतो ते वेगळंच. घरात असतो म्हणून लावला जातो, पण हे त्याचं काम नव्हे.

फेविक्विकसारखा झटपट गोंद. क्षणात बसतो, म्हणून मोह होतो. पण तो ठिसूळ असतो, साधारण ८० अंशांपुढे त्याची पकड ढासळते आणि तापला की त्याची वाफ डोळ्यांना, नाकाला झोंबते. ज्योतीच्या शेजारी असा पदार्थ नको.

ग्लू गन. सगळ्यांत सोयीची, स्वस्त, आणि बहुतेक जण हीच वापरतात. तिची कांडी ईव्हीए नावाच्या प्लास्टिकची, त्यात राळ आणि बऱ्याचदा थोडं मेणही मिसळलेलं. म्हणजे हिच्या अंगातच मेणाचं नातं आहे! बंदुकीतून ती १२० ते १९० अंशांना बाहेर पडते, पण गार झाल्यावर पुन्हा मऊ पडायला ८० च्या आसपास सुरुवात होते. मेण ६५-७० ला ओतलं तर ती टिकते. पातेल्यातून उकळतं मेण थेट ओतलं तर पहिल्याच मिनिटाला चकती सुटते आणि दोष बिचाऱ्या गोंदाला लागतो. घरी साधा थर्मामीटर असेल तर ग्लू गन पुरते. नसेल तर तिच्यावर विसंबू नये.

दुहेरी चिकट गोल टिकल्या, खास वातीसाठी विकतात त्या. चांगल्या प्रतीच्या टिकल्या मेणाचं तापमान सोसतात. फक्त काच तेलकट किंवा दमट असेल तर काहीच चिकटत नाही, हे लक्षात ठेवायचं.

आणि सिलिकोन, माशांची काचपेटी जोडायला वापरतात ते. हे एकदा पक्कं झालं की २०० अंशांपर्यंत सहज धरून ठेवतं आणि मेणात विरघळत नाही. याची किंमत म्हणजे वेळ. हवेतली ओल शोषून ते पक्कं होतं, त्याला दिवसभर द्यायला हवा. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी, म्हणून थोडा जास्तच द्यावा. सुरुवातीला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण गेल्याशिवाय मेण ओतू नये. दिवाळीच्या आदल्या रात्री शंभर नग करायचे असतील तर सिलिकोन तुमच्या कामाचं नाही. आठवडाभर आधी सुरुवात केली असेल तर याहून भरवशाचं मला काही दिसत नाही.

काहीही लावा, वरून आधार द्याच. खराट्याची काडी ग्लासावर आडवी ठेवून वात तिला बांधली किंवा कपड्याच्या चिमट्यात धरली की मेण थिजेपर्यंत ती सरळ राहते. पायाला गोंद आणि शेंड्याला काडी. शिवाय चकतीच्या मधली ती छोटी नळी उगाच नसते. मेण तिच्या उंचीपर्यंत उतरलं की वातीला इंधन मिळेनासं होतं आणि ज्योत आपोआप विझते, तळाची काच वाचते. म्हणून नळी कापू नये, नळीत गोंद भरू नये. आणि वापरणाऱ्यानं तळाशी बोटभर, म्हणजे एखाद सेंटिमीटर मेण उरलं की मेणबत्ती विझवून टाकावी. त्या शेवटच्या बोटभर मेणातच चकती सगळ्यांत जास्त तापते आणि कुठल्याही गोंदाचा कस लागतो.

इतकं सगळं एका चकतीसाठी? असं वाटू शकतं. पण मला हे लिहावंसं वाटलं त्याचं कारण जरा गंभीर आहे.

मेणबत्ती हा आपल्याकडे "सोपा घरगुती उद्योग" मानला जातो. सरकारनंही तसं मानलं होतं. लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत मेणबत्ती होती. २०१५ साली त्या यादीतल्या उरलेल्या शेवटच्या २० वस्तू वगळल्या गेल्या, त्यात लोणची, पाव, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या यांच्याबरोबर मेणबत्ती, आगपेटी आणि फटाकेही होते. एकाच यादीत लोणचं आणि फटाके! घरात होतं, बायका करतात, भांडवल कमी लागतं, एवढाच त्यांच्यातला समान धागा. आणि घरात होणाऱ्या, बायका करणाऱ्या कामात शिकण्यासारखं काही असतं हे आपल्याला चटकन पटत नाही.

१८ एप्रिल २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या निजामपूर-जैताणे परिसरात मेणबत्तीच्या कारखान्याला आग लागली. चार महिला गेल्या. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीच्या मेणबत्त्या होत होत्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्याला तशाच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. सहा महिला पहिल्याच दिवशी गेल्या, पुढे आकडा वाढत गेला. या दोन्ही ठिकाणी प्रश्न वातीच्या गोंदाचा नव्हता. तिथे दारू होती, आणि दारूचं काम मेणबत्तीच्या गोड नावाखाली चाललं होतं. पण त्यामुळेच नाव किती फसवं असतं ते कळतं. "मेणबत्ती" म्हटलं की आपण निर्धास्त होतो. तिच्यात काय भरलंय, ते किती अंशांना काय करतं, हे ज्या हातांना माहीत असायला हवं त्या हातांना ते सांगण्याची तसदी कुणी घेत नाही. नगामागे पैसे मोजले जातात आणि काम सुरू होतं.

मेणबत्ती शिकवताना साचे दाखवतात, रंग दाखवतात, पॅकिंग दाखवतात. आग कशी वागते हे त्यात यायला हवं. त्याची सुरुवात अगदी छोट्या गोष्टीपासून करता येईल. चकतीखाली काय लावायचं आणि का, एवढं जिला नीट कळलं तिला मेण किती तापवायचं हे कळेल. तापमान कळलं की थर्मामीटर घ्यावासा वाटेल. थर्मामीटर आला की "हे पावडर कसलं आहे?" असा प्रश्न विचारायची हिंमतही येईल. फॅराडेनं १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली आणि सगळं रसायनशास्त्र उलगडून दाखवलं. आपल्या बचत गटांच्या प्रशिक्षणात अर्धा तास तरी त्यातला यावा, एवढीच अपेक्षा आहे.

पणती घडवणाऱ्या कुंभारानं तिला चोच काढली ती शोभेसाठी नव्हे. वात कुठे टेकेल आणि ज्योत कुठे राहील हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं. काचेच्या ग्लासाला चोच नाही. म्हणून तो विचार आता ग्लासात मेण ओतणारीला करावा लागतो, मेण ओतायच्या आधी.